तापीकाठी श्निटगर

नवापूर स्टेशनात गाडी थांबली की खिडकीशी बसलेला कुणीतरी शेजाऱ्याला हमखास सांगतो, "अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत." शेजाऱ्याला ते ठाऊक असतं, तरी तो मान डोलावतो. मग व्यारा, बारडोली अशी स्टेशनं मागे पडतात आणि उधना जवळ आलं की डबा एकदम उभा राहतो. पिशव्या, पत्र्याच्या पेट्या, भाकरीची गाठोडी खाली येतात. जळगावहून तापीच्या खोऱ्यातून सुरतेला जाणारा हा लोहमार्ग शंभर-सव्वाशे वर्षं जुना आहे. खानदेशातल्या कितीतरी घरांची चूल या मार्गाच्या पलीकडच्या टोकावर, सुरतेच्या लूमवर पेटते. डब्यातली बहुतेक माणसं कामावर निघालेली होती. मी निघालो होतो एका ऑर्गनपायी, आणि तो ऑर्गन सुरतेत नाही.

तो आहे उत्तर जर्मनीत. एल्ब नदी समुद्राला मिळते तिथे कुक्सहाफेन शहराला लागून लूडिंगवर्थ नावाचं गाव आहे. गाव शेतकऱ्यांचं, पण चर्च असं की त्याला 'शेतकऱ्यांचं कॅथेड्रल' म्हणतात. त्यातला ऑर्गन आन्टोनिउस विल्ड या कारागिरानं १५९८-९९ मध्ये बांधला आणि १६८२-८३ मध्ये आर्प श्निटगरनं तो वाढवला. या चर्चच्या गावात १७ मार्च १७३३ रोजी कार्स्टन नीबूर जन्मला. तरुणपणी त्याला ऑर्गनवादक व्हायचं होतं. झाला मात्र भूमापक, आणि १७६४ मध्ये मुंबईहून जहाजानं सुरतेला आला. श्निटगरच्या नळ्यांचा नाद लहानपणापासून कानावर पडलेला हा माणूस तापीकाठी हिंडला होता, एवढाच धागा धरून मी निघालो होतो.

श्निटगर हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. मलाही ते पायपेटीमुळे कळलं. नाट्यसंगीताच्या साथीला पायानं भाता मारत वाजवायची ती पेटी माझ्या हाताला लहानपणीच लागली, आणि तिच्या पूर्वजांचा माग काढता काढता मी उत्तर जर्मनीत पोचलो. आर्प श्निटगर १६४८ मध्ये गोल्त्सवार्डन या गावी सुताराच्या घरी जन्मला. बेरेन्ट हुस या नातलगाच्या हाताखाली तो ऑर्गन बांधायला शिकला. १६७६ मध्ये हुस वारल्यावर गुरूची अर्धवट राहिलेली कामं त्यानंच पुरी केली. १६८२ मध्ये तो हाम्बुर्गला आला आणि तिथल्या सेंट निकोलाय चर्चसाठी ६७ स्टॉपांचा, म्हणजे वेगवेगळ्या ढंगांच्या नळ्यांच्या ६७ संचांचा, ऑर्गन बांधू लागला. त्या काळी युरोपात या ऑर्गनची गणना सर्वांत मोठ्यांत होई. १७१९ मध्ये श्निटगर गेला तोवर त्यानं शंभराच्या आसपास नवे ऑर्गन बांधले होते. शिवाय कितीतरी जुने दुरुस्त केले होते, वाढवले होते. त्याच्या कारखान्यातले ऑर्गन हॉलंड, इंग्लंड, रशियापर्यंत गेले. पोर्तुगालला गेलेला एक तर पुढे १७५३ मध्ये अटलांटिक ओलांडून ब्राझीलमधल्या मारियाना शहराच्या कॅथेड्रलात बसला आणि अजून वाजतो.

पेटी वाजवणाऱ्याला या कामाचा आवाका पटकन कळत नाही. आपल्या पेटीत सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. हवा आली की ती थरथरते. पाइप ऑर्गनमध्ये एकेका स्वराला, आणि त्या स्वराच्या एकेका ढंगाला, स्वतंत्र नळी लागते. शिसं आणि कथील ओतून पत्रा करायचा, तो तासायचा, गुंडाळायचा, सांधायचा, आणि मग नळीच्या तोंडाची फट केसाएवढी कमीजास्त करत तिला बोलतं करायचं. हाम्बुर्गच्याच सेंट याकोबी चर्चमधल्या श्निटगरच्या ऑर्गनला ६० स्टॉप आणि चार हजारांच्या घरात नळ्या आहेत. त्यातली सर्वांत मोठी ३२ फुटी. तिचा खर्ज सेकंदाला जेमतेम सोळा कंपनांचा, म्हणजे कानापेक्षा छातीलाच आधी जाणवणारा. योहान सेबास्टियान बाखनं १७२० मध्ये या चर्चच्या वादकाच्या जागेसाठी इच्छा दाखवली होती. जागा मिळाली दुसऱ्याला. त्या माणसानं चर्चला घसघशीत देणगी दिली होती.

मला मात्र श्निटगरची सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्या मोठ्या ऑर्गनांत दिसत नाही, लूडिंगवर्थच्या लहानशा कामात दिसते. तो तिथे गेला तेव्हा विल्डचा ऑर्गन ऐंशीपेक्षा जास्त वर्षांचा झाला होता. सगळं उपसून नवं बसवलं असतं तर मजुरीही जास्त मिळाली असती. श्निटगरनं विल्डच्या चांगल्या नळ्यांना हात लावला नाही. त्यांच्या शेजारी आपल्या नळ्या उभ्या केल्या आणि दोन्हींचा आवाज एका घरातला वाटेल असा मेळ लावला. आज तो ऑर्गन ३५ स्टॉपांचा आहे आणि दोघांच्याही नावानं ओळखला जातो. कारागिरानं आधीच्या कारागिराची इतकी बूज राखलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

सुरतेत पहिल्यांदा गेलो तो चौक बाजारातल्या किल्ल्याकडे. तापीच्या काठावरचा हा किल्ला खुदावंदखानानं सोळाव्या शतकाच्या मध्याला उभारला. पोर्तुगीजांच्या स्वाऱ्यांचा धाक होता म्हणून तो बांधला गेला. १५७३ मध्ये अकबरानं वेढा घालून तो घेतला. अकबराची पोर्तुगीजांशी ओळख झाली ती गुजरातेवरच्या याच स्वारीत. पुढे त्यानं हाजी हबीबुल्ला नावाच्या माणसाला गोव्याला धाडलं, आणि तिथून परतताना हाजीनं ज्या चिजा आणल्या त्यांत एक ऑर्गनही होता. दरबारातल्या बदायूनी या इतिहासकारानं त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. माणसाएवढी मोठी पेटी, आत बसून वाजवणारा फिरंगी आणि बाहेर हवा भरणारी माणसं. हिंदुस्थानच्या दरबारात ऑर्गन आला तो असा, कुतूहलाची वस्तू म्हणून.

नीबूर आला तेव्हा किल्ला पाच वर्षांपूर्वीच इंग्रजांच्या हाती गेला होता. १७५९ मध्ये त्यांनी तो घेतला, पण घेतला मोगल बादशहाच्या नावानं. त्यामुळे किल्ल्यावर इंग्रजी आणि मोगली अशी दोन्ही निशाणं फडकत. आता महापालिकेनं किल्ल्याची नीट डागडुजी करून आत संग्रहालय मांडलं आहे. बुरुजावर उभं राहिलं की तापीचं पात्र दिसतं, पुलांवरची वाहनांची रांग दिसते. इथून नीबूरनं काय पाहिलं असेल याचा अंदाज बांधण्यापेक्षा तो इथपर्यंत पोचला कसा, हेच मला जास्त विलक्षण वाटतं.

वडील लवकर गेले, तेव्हा पालकांनी पोराला शाळेतून काढून शेतीला लावलं. त्यानं संगीत धरलं, वाद्यं शिकला, ऑर्गनवादकाची नोकरी मिळवायचं मनाशी ठरवलं. पालकांना ते पसंत पडलं नाही. पुढे गावात कुणाच्या तरी शेताच्या मोजणीवरून तंटा झाला आणि मोजणीदार बाहेरगावाहून आणावा लागला. आपल्या मुलखात जमीन मोजणारा एक माणूस नसावा, हे नीबूरला लागलं आणि वयाच्या विशीनंतर तो गणित शिकायला निघाला. ग्योटिंगेनला टोबियास मायरसारखा खगोलज्ञ गुरू भेटला. डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानकडे विद्वानांची मोहीम काढली, तेव्हा भूमापक म्हणून त्याची निवड झाली. जानेवारी १७६१ मध्ये ही मंडळी कोपनहेगनहून निघाली. भाषापंडित फॉन हावेन मोखा बंदरात मरण पावला, वनस्पतिशास्त्रज्ञ फॉर्स्कोल येमेनच्या डोंगरात. चित्रकार बाउरेनफाइंड मुंबईच्या वाटेवर समुद्रातच वारला आणि वैद्य क्रामर मुंबईत, फेब्रुवारी १७६४ मध्ये. एकटा नीबूर उरला. आजारातून उठला, त्या त्या मुलखाचे कपडे आणि अन्न त्यानं आपलंसं केलं आणि मोजणी चालू ठेवली.

मुंबईत असताना त्यानं घारापुरीची लेणी मोजली, त्यांचे आराखडे काढले. इतकी वर्षं युरोपी माणसं शेजारी राहून त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात याचं त्याला आश्चर्य वाटलं. सुरतेत त्यानं शहराचे दुहेरी तट पाहिले, व्यापार पाहिला, आणि म्हाताऱ्या-पांगळ्या जनावरांचं इस्पितळ पाहिलं. तिथल्या एका आंधळ्या कासवाची नोंद त्याच्या प्रवासवर्णनात आहे. लोकांनी त्याचं वय सव्वाशे वर्षं सांगितलं होतं. तसं असेल तर १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा ते कासव पंचविशीत असणार. सुरतेत पांजरापोळ आजही आहे. तिच्या फाटकाशी उभं राहून हा हिशेब करताना मला नीबूरची नजर कळल्यासारखी वाटली. हा माणूस दंतकथा ऐकत असे, पण ऐकलेली गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहून ठेवत असे. पुढे इराणातल्या पर्सेपोलिसला त्यानं कीलाकार लेख इतके काटेकोर उतरवले की १८०२ मध्ये ग्रोटेफेन्डला त्यावरून ती लिपी वाचायची पहिली किल्ली सापडली. चार हजार नळ्या एका मेळात लावायला जे कान लागतात आणि खिळ्यासारख्या खुणा चुकू न देता उतरवायला जे डोळे लागतात, त्यांची शिस्त एकच असावी.

दुसरा फेरा कतारगाम दरवाज्याजवळच्या जुन्या दफनभूमींचा. इंग्रजांच्या दफनभूमीत ऑक्झेंडन बंधूंची दुमजली, घुमटांची कबर आहे. त्यातला जॉर्ज ऑक्झेंडन म्हणजे १६६४ मध्ये महाराजांच्या स्वारीत इंग्रजांची वखार लढवून धरणारा प्रेसिडेंट. मराठी माणसानं इथे थांबून वर पाहावं आणि थोडं हसावं, असा तिचा थाट आहे. जवळच डचांची दफनभूमी, आणि तिथे मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करवणाऱ्या वान रेडची भव्य कबर. तो १६९१ मध्ये वारला, म्हणजे श्निटगर याकोबीचा ऑर्गन बांधत होता तेव्हा. डच कंपनीच्या जहाजांवर आणि वखारींत जर्मन माणसं हजारोंनी नोकरीला असत. त्यांतल्या किती जणांनी बंदर सोडताना कानात श्निटगरच्या ऑर्गनचा नाद घेतला असेल, याची नोंद कुणी ठेवणार नव्हतं.

सुरतेच्या बंदरात युरोपी वाद्यं मात्र याहून आधी उतरली होती. १६१२ मध्ये कॅप्टन बेस्टच्या ताफ्याबरोबर दोन वादक आले. रॉबर्ट ट्रली कॉर्नेट वाजवायचा आणि लॅन्सलॉट कॅनिंग व्हर्जिनल. व्हर्जिनल हे पेटीसारखं पट्ट्यांचं, पण आत तारा छेडणारं वाद्य. दोघांना आग्र्याला जहांगीरपुढे नेलं. कॉर्नेट बादशहाला भावलं, व्हर्जिनलकडे त्यानं लक्षच दिलं नाही. मला यात बादशहाची काही चूक दिसत नाही. मींड आणि गमक यांवर पोसलेल्या कानाला तुटक तुटक वाजणारी पट्टी काय रुचणार! पट्टीच्या वाद्याला आपल्याकडे घर मिळायला आणखी अडीचशे वर्षं जावी लागली, आणि ते घर दरबारात नव्हतं, देवळात आणि रंगमंचावर होतं.

मुगलीसरातून जाताना महापालिकेच्या मुख्य कचेरीपाशी थबकलो. ही इमारत १६४४ मध्ये शाहजहानच्या काळात सराई म्हणून बांधली गेली. मक्केला निघालेले यात्रेकरू जहाजाची वाट पाहत इथे उतरत. नीबूर आला तेव्हा ती उभी होती, आज तिच्यात पाणीपट्टी आणि घरपट्टीचे कागद फिरतात. शहरानं ती पाडली नाही, तिला कामाला लावलं. लूडिंगवर्थमध्ये श्निटगरनं विल्डच्या नळ्यांचं तेच केलं होतं. एप्रिल १८३७ च्या भीषण आगीत सुरतेचा मोठा भाग जळाला. पाच वर्षांनी, मे १८४२ मध्ये, हाम्बुर्ग जळलं, आणि त्या आगीत सेंट निकोलाय चर्चबरोबर श्निटगरचा सर्वांत मोठा ऑर्गन वितळून गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यानं 'हार्मोनियम' या नावानं पेटंट घेतलं. नळ्या नाहीत, फक्त पितळी जिभा आणि भाता. एका खोलीत मावेल आणि बैलगाडीत चढेल असा ऑर्गन! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याचे पाय काढले, भाता मागच्या बाजूला आणला, आणि मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी केली. तिचे सूर बनवण्यात पुढे याच गुजरातेतल्या पालिताण्याच्या कारागिरांनी नाव मिळवलं.

ती पेटी मला लिंबायतला भेटली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत हिंडताना आपण सुरतेत आहोत की धुळ्या-नंदुरबारच्या बाजारात, असा प्रश्न पडावा इतकी अहिराणी कानावर येते. एका गल्लीतल्या देवळात एकादशीचं भजन होतं. पेटीवर बसलेले बुवा दिवसपाळीला लूम चालवतात. भजन संपल्यावर मी जवळ जाऊन पेटीचं कौतुक केलं, तर त्यांनी झाकण उघडूनच दाखवलं.

"हाई पेटी मना बापनी शे," ते म्हणाले. मग माझं मराठी ऐकून ते त्याच वळणावर आले. "भाता दोनदा बदलला भाऊ. पट्ट्या नव्या टाकल्या. खर्जाची लाइन तीच. सूर जर्मन आहेत, त्यांना हात लावू देत नाही मी कोणाला."

जर्मन सुरांची महती पेटीवाल्यांत आजही सांगतात. मला श्निटगरचा विषय काढायला याहून चांगलं निमित्त मिळणार नव्हतं. मोबाइलवर मी त्यांना उत्तर जर्मनीतल्या, जुन्या पद्धतीनं मेळ लावलेल्या एका ऑर्गनचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. पहिल्या खर्जाला ते काही बोलले नाहीत, नुसती भुवई उचलली. मग षड्ज धरून गुणगुणले, गंधारावर थांबले आणि म्हणाले, "हा गंधार आपला आहे."

बुवांनी नेमकं ओळखलं होतं. आजच्या पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. सप्तक १२०० भागांचं मानलं तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर येतो, पण तंबोऱ्यातून आपसूक उमटणारा गंधार असतो ३८६ च्या आसपास. म्हणून पेटीचा गंधार गवयाला चढा वाटतो. अशाच तक्रारींतून १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटी बंद केली आणि १९७१ पर्यंत ती बंदी टिकली. श्निटगरच्या काळी उत्तर जर्मनीत ऑर्गन 'मीनटोन' नावाच्या मेळात लावत. त्यात गंधार नैसर्गिक जागेवर, किंवा तिच्या अगदी जवळ बसे. त्याची किंमत म्हणून काही स्वरजोड्या इतक्या कर्कश होत की वादक त्यांच्या वाटेला जात नसत. पुढे सगळ्याच पट्ट्यांवरून कुठेही जाता यावं म्हणून युरोपानं समान भागांचा मेळ पत्करला आणि तोच पेटीबरोबर आपल्याकडे आला. म्हणजे गोऱ्यांचं वाद्य म्हणून ज्या पेटीला आपण बेसूर ठरवलं, तिचा आजा आपल्या गवयाला मान्य व्हावा असा गंधार लावत होता. पट्टीच्या वाद्यात मींड तेव्हाही नव्हती आणि आताही नाही, ती तक्रार खरीच. पण गंधाराचा दोष वाद्याच्या जातीवर ढकलता येत नाही, तो मेळ बदलणाऱ्या शतकांचा आहे.

बुवांना मी याकोबीची हकिगत सांगितली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, कथलासाठी तिथल्या दर्शनी नळ्या सरकारनं काढून नेल्या. दुसऱ्या महायुद्धात उरलेल्या नळ्या लोकांनी वेळीच उतरवून सुरक्षित जागी ठेवल्या, म्हणून १९४४ मध्ये चर्चवर बॉम्ब पडले तरी त्या वाचल्या. १९९३ मध्ये युर्गेन आरेन्ट या कारागिरानं ऑर्गन पुन्हा उभा केला, जुन्या नळ्या तशाच ठेवून. बुवांना यात नवल वाटलं नाही. चांगला सूर कोण टाकतो, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "एवढ्या नळ्यांना हवा कोण भरायचं?"

माणसं भरायची, मी सांगितलं. भात्यांवर पाय देऊन उभी राहायची, वादक वर वाजवत असायचा. आता तिथे विजेचा पंखा आहे.

"त्यांची नावं लिहिलीत कुठे?"

चर्चच्या हिशेबवहीत मजुरीचे आकडे असतात, ऑर्गनवर नाव बांधणाऱ्याचं असतं. बुवा हसले, "आमच्या लूमच्या कापडावरपण मिलचंच नाव असतं." लूडिंगवर्थचा ऑर्गन आज विल्ड आणि श्निटगर अशा दोन नावांनी ओळखला जातो. दुसऱ्यानं पहिल्याचं काम राखलं, म्हणून पहिल्याचं नावही टिकलं. नीबूर वादक झाला असता तर त्याच्याही प्रत्येक स्वराखाली कुणीतरी भाता दाबत उभा राहिला असता, आणि त्या माणसाबद्दल आज बुवांना सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नसतं. बुवांनी पेटीचं झाकण लावलं, कापड गुंडाळलं. सकाळी सातची पाळी होती.